कार्मेल मातेचा इटालियन फेस्ता: झेप्पोले, मिरवणूक, गल्ला. पहिल्यांदाच समितीवर आहे, काय सांभाळावं?

नवीन_समिती

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका जुन्या इटालियन पॅरिशच्या (चर्च आणि त्याचे भाविक) फेस्ता, म्हणजे सणाच्या मेळ्याच्या, समितीवर यंदा नाव लागलं आहे. सण कार्मेल मातेचा (मारियामातेचं एक रूप), १६ जुलै. यंदा तो गुरुवारी येतो, म्हणून रस्त्यावरचा मेळा शुक्रवार ते रविवार आणि मिरवणूक रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर), असं ठरलं आहे. रस्ता चर्चसमोरचा, ३६ फूट रुंद, दोन ब्लॉक बंद मिळणार.

आतापर्यंत झेप्पोले (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, वर पिठीसाखर) आणि सॉसेजचे स्टॉल बाहेरचे विक्रेते चालवत. यंदा दोन्ही पॅरिशनं स्वतः चालवायचे आहेत. दोन गॅस फ्रायर आणि एक ३६ इंची सपाट तवा भाड्यानं येईल. मूर्ती प्लास्टरची आहे. चौथरा, दांडे आणि फुलं धरून ४०० पौंडांच्या आसपास.

विचारायचं ते असं:

१. दोन फ्रायरवर तासाला किती झेप्पोले निघतील? पीठ किती, आणि जुलैच्या उकाड्यात काय बिघडतं?
२. १००० सॉसेज सँडविचचा बाजार किती?
३. मूर्तीला खांदेकरी किती लागतील?
४. कूपनं ठेवावीत, की थेट रोख आणि कार्ड?
५. रविवारी कार्मेल मातेची मिस्सा चालते का, की त्या रविवारचीच करावी लागते?

परवान्यांची यादी टाऊनशिपनं दिली आहे, त्यामुळे अर्जांची नावं नकोत. त्या यादीत जे लिहिलेलं नसतं ते हवं आहे.

---

झारा

पहिले दोन प्रश्न घेतो.

झेप्पोल्याच्या स्टॉलचा वेग पिठावर ठरत नाही, तेलाच्या तोंडावर ठरतो. झेप्पोले तरंगतात, त्यामुळे तेल किती खोल आहे याला महत्त्व नाही. ३५ ते ४० पौंड तेलाच्या फ्रायरचं तोंड साधारण १४ बाय १४ इंच असतं. दीड औंसाचे गोळे फुगले की त्यात १६ मावतात. जास्त सोडले तर ते एकमेकांना अडवतात, उलटत नाहीत आणि कडेनं पांढरा पट्टा राहतो. सोडणं, उलटणं, निथळणं आणि तेल पुन्हा तापणं धरून एक घाणा पाच मिनिटांचा. म्हणजे तासाला १२ घाणे, १९२ नग, सहा-सहाच्या ३२ पिशव्या. दोन फ्रायरचे कागदावर ६४ होतात. माणसं नवीन असतील तर ५० धरा. मिरवणूक संपल्यावर रांग एकदम येते, तेव्हा तिसरा फ्रायर भाड्यानं आणावासा वाटेल. त्याआधी एक हिशेब करा: फ्रायरमागे दोन माणसं लागतात, एक गोळे सोडायला आणि एक झाऱ्यावर. पिशव्या भरणारा वेगळा. माणसं नसतील तर तिसरा फ्रायर नुसता तेल जाळत बसेल.

पिठाची ५० पौंडांची गोणी एकदम भिजवू नका. चौथाई-चौथाईनं भिजवा. एका चौथाईला:

मैदा (ब्रेड फ्लॉर) १२.५ पौंड
पाणी ९ पौंड ६ औंस
साखर ६ औंस
मीठ ४ औंस
इन्स्टंट यीस्ट २ औंस

यातून साडेबावीस पौंड पीठ, म्हणजे २४० नग, ४० पिशव्या निघतात. दोन फ्रायर हे पाऊण तासात संपवतात, म्हणून पुढची चौथाई तेवढ्याच अंतरानं भिजली पाहिजे. सगळं एकत्र भिजवलं की शेवटची चौथाई हमखास जास्त आंबते. आंबलेल्या पिठाचा झेप्पोला तेलात टम्म फुगतो, बाहेर काढला की पिचकतो आणि तेल पिऊन बसतो. वास दारूसारखा येतो. असं पीठ सुधारत नाही, टाकून द्या. जास्तीचा मैदा मळून ते वाचवायला गेलात तर रबर होतो.

उन्हाळ्यात खरा उपाय पाण्याच्या तापमानात आहे. भिजलेलं पीठ ७८ अंश फॅरनहाइटला (साडेपंचवीस सेल्सियस) हवं. ७८ गुणिले तीन म्हणजे २३४. त्यातून हवेचं, मैद्याचं आणि मिक्सरच्या घर्षणाचं तापमान वजा करा. हवा ९०, मैदा ८५, मिक्सरचे २० धरले तर उरतात ३९. म्हणजे पाणी जवळजवळ बर्फाचंच हवं. बर्फ घातला तर तो पाण्याच्या वजनातच मोजा; वरून टाकला तर पीठ सैल होतं आणि हाताला सुटत नाही. मैद्याची गोणी रस्त्यावरच्या व्हॅनमध्ये ठेवू नका, चर्चच्या तळघरात ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं दहा अंश वाचतात.

तेल ३७५ अंशांवर (१९० सेल्सियस). घाणा पडला की ते ३५० पर्यंत उतरतं. त्याखाली गेलं तर तेलकट माल निघतो. ३९० च्या वर बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा. फ्रायरच्या चकतीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, स्वतंत्र थर्मामीटर घाला. दर रात्री तेल कोमट झालं की गाळा. तळाशी बसलेला मैदा दुसऱ्या दिवशी जळतो आणि सगळ्या मालाला कडवट चव येते. तेलावर बारीक, न विरणारा फेस आला किंवा ३७५ लाच धूर दिसू लागला की ते बदला. कॅलमारी (माकूळ) तळणार असाल तर त्याचा फ्रायर वेगळा हवा. वासासाठी तर खराच, पण अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी त्याहून जास्त.

पिठीसाखर. गरम झेप्पोले कागदी पिशवीत घालून वर साखर टाकून तोंड मिटलं, की वाफेनं साखरेचा पाक होतो आणि पिशवीचं बूड भिजून फाटतं. जाळीवर एक मिनिट निथळू द्या, पिशवीत घाला, साखर टाका, दोनदा हलवा आणि तोंड उघडं ठेवूनच हातात द्या. आधी भरून ठेवलेल्या पिशव्या कितीही सोयीच्या वाटल्या तरी करू नका. (कुणी क्रीम भरलेले झेप्पोले मागेल. ते १९ मार्चचे, संत योसेफाच्या सणाचे. पदार्थ वेगळा, पीठही वेगळं. रस्त्यावरच्या उन्हात क्रीम आणूच नका.)

गॅस. फ्रायर पोचल्यावर पहिली गोष्ट बघायची ती त्याची पाटी: प्रोपेनचा आहे की नैसर्गिक वायूचा? नैसर्गिक वायूच्या फ्रायरची जेटची भोकं मोठी असतात. त्याला प्रोपेन जोडलं तर ज्वाळा फ्रायरच्या बाहेर येतात. भाड्यानं देणाऱ्यांकडून ही चूक होते, आणि ती शुक्रवारी संध्याकाळी कळून उपयोग नसतो. दुसरं, ग्रिलला लावतात ती २० पौंडांची टाकी इथे चालत नाही. तिच्यात सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. तासाला १,२०,००० बीटीयूचा फ्रायर पूर्ण पेटला तर साडेतीन तासांत संपते. आणि संपण्याआधीच दगा देते, कारण द्रव भराभर उकळून टाकी गार पडते, बाहेरून दहिवर धरते, दाब उतरतो आणि तेल ३२५ च्या वर जात नाही. लोकांना वाटतं फ्रायर बिघडला. १०० पौंडांच्या टाक्या घ्या. उभ्या, साखळीनं बांधलेल्या, तंबूच्या बाहेर. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

आग. फ्रायर आणि शेजारच्या उघड्या ज्वाळेत १६ इंच अंतर, किंवा मध्ये आठ इंच उंच पोलादी पत्रा. विझवण्यासाठी के वर्गाचं यंत्र. साधं एबीसी वेगळं, तेही ठेवा, पण तेलाच्या आगीला के. ते फ्रायरच्या मागे टांगू नका. आग लागली तर तिथवर हात जाणार नाही. माणूस ज्या बाजूनं पळेल त्या बाजूला ठेवा. भाड्याच्या फ्रायरला तेल जास्त तापल्यास गॅस तोडणारी कळ असते. शेगडीवर ठेवलेल्या मोठ्या पातेल्याला ती नसते, म्हणून 'एक पातेलंही लावू' असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. दोन तंबू चिकटून लावले असतील तर त्यांची शिवण फ्रायरच्या वर येऊ देऊ नका. पाऊस पडला की नेमकं तिथूनच पाणी ठिबकतं, आणि तापलेल्या तेलात कपभर पाणी पडलं तर तेल उतू जाऊन ज्वाळेवर येतं.

सॉसेज. १००० सँडविचला:

चौथाई पौंडी सॉसेज २५० पौंड
६ इंची रोल १०००, वर ५० जास्तीचे
ढोबळी मिरची १५० पौंड
कांदा ७५ पौंड

मिरची-कांदा परतल्यावर निम्मा होतो, म्हणजे सँडविचमागे पावणेदोन ते दोन औंस पडतो. मीठ शेवटी घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, परतण्याऐवजी उकडतं आणि रोल भिजतो. ३६ इंची तव्यावर वरखाली करायला जागा ठेवून ६० सॉसेज बसतात, १५ ते १८ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २०० धरा. टोचू नका; रस गेला की सॉसेज कोरडं पडतं. आत १६० अंश (७१ सेल्सियस) झालं पाहिजे. ते टोकातून थर्मामीटर घालून बघा, मधून नाही. त्यानंतर १३५ च्या वर गरम ठेवा. सकाळी अर्धवट भाजून संध्याकाळी पुरं करायचं, हा बेत आरोग्य खात्याच्या लेखी मंजुरीशिवाय चालत नाही, आणि चालूही नये.

हात धुण्याची सोय प्रत्येक अन्नाच्या स्टॉलवर वेगळी हवी: तोटी असलेला पाण्याचा डबा, खाली बादली, साबण, कागदी रुमाल. तोटी अशी हवी की सोडली तरी चालू राहील. दाबून धरायची तोटी असेल तर एकाच हातानं धुवावं लागतं, आणि तपासनीस पहिल्यांदा तेच बघतो.

वापरलेलं तेल पिंपात भरून ते गोळा करणाऱ्याला द्या. रस्त्याच्या गटारीत थेंबही नको.

---

मोजपट्टी

३६ फूट रुंदी वाचली आणि थांबावंसं वाटलं. दोन्ही बाजूंना १० फुटी तंबू लावायचा विचार असेल तर मध्ये उरतात १६ फूट. अग्निशमनाच्या गाडीला सर्वसाधारण नियम २० फूट मोकळ्या वाटेचा आहे, आणि उंचीला साडेतेरा फूट. तंबू एकाच बाजूला लावा, किंवा समोरची रांग चर्चच्या पार्किंगमध्ये हलवा. फायर मार्शलला नकाशा दाखवताना तंबूंपुढे टेबल, खुर्च्या आणि रांग किती बाहेर येते तेही काढून दाखवा. कागदावर २० फूट असतात, आणि रात्री नऊ वाजता रांगेमुळे ते १२ होतात. अग्निशमनाच्या नळाभोवती तीन फूट मोकळे.

रस्त्यावर आडव्या दिव्यांच्या कमानी लावणार असाल तर ती साडेतेरा फुटांची मर्यादा कमानीच्या खालच्या टोकाला लागते. कमानीच्या मधोमध लोंबणारा तारा किंवा मुकुट मोजायचा राहून जातो.

डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत. १० बाय १० च्या तंबूला दर पायाला किमान ४० पौंड. पाच गॅलनची बादली पाण्यानं भरली की सुमारे ४२ पौंड होते, पण ती काठोकाठ भरलेली हवी आणि झाकण घट्ट हवं. वाळू भरली तर त्याहून बरीच जड. वजन पायाशी नुसतं टेकवून उपयोग नाही, कारण वारा तंबू वरून उचलतो. पट्टा वरच्या कोपऱ्याला बांधून खालच्या वजनापर्यंत ताणा. गडगडाट ऐकू आला की मिरवणूक असो वा मेळा, लोकांना आत घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. हा निर्णय कुणाचा, त्याचं नाव आधी ठरवा. आयत्या वेळी फादर, बँडवाले आणि पोलिस एकमेकांकडे बघत राहतात.

वीज: २० अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १९२० वॉटच्या आत ठेवा. एक एस्प्रेसो यंत्र बहुधा ते एकटंच खातं. पिठाचा मिक्सर आणि एस्प्रेसो एका सर्किटवर आले की मिक्सर पीठ मळता मळता बंद पडतो.

---

घंटानाद

पाचवा प्रश्न. चर्चच कार्मेल मातेच्या नावाचं असेल तर त्या चर्चपुरता तो सण सर्वोच्च दर्जाचा, म्हणजे सोहळा ठरतो. जुलैतले रविवार सामान्य काळातले असतात. आठवड्यात आलेला असा सण लोकांच्या सोयीसाठी सामान्य काळातल्या रविवारी साजरा करायला उपासनेचे नियम परवानगी देतात. आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळातले (ईस्टरपासूनचे) रविवार मात्र हलवता येत नाहीत. चर्चचं नाव दुसरं असेल, किंवा दोन-तीन पॅरिश एकत्र होऊन नाव बदललं असेल, तर फादरांना आधी विचारा, आणि वाचनं कुठली घ्यायची ते गायनवृंदाला महिनाभर आधी कळवा. गुरुवारी १६ तारखेला मूळ दिवसाची मिस्सा ठेवाच. नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) ७ जुलैला सुरू केली तर १५ ला संपते.

शुक्रवारी मेळा सुरू होतोय म्हणून कुणीतरी सॉसेजबद्दल विचारेल. अमेरिकेच्या बिशपांनी १९६६ साली उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची सक्ती काढली, प्रायश्चित्ताची शिफारस ठेवली. सॉसेज चालतं; शेजारी बिनमांसाची पास्ता ए फाजोली (पास्ता आणि घेवड्याच्या दाण्यांचं सूप) ठेवली तर ज्यांना पाळायचं आहे त्यांचीही सोय होते.

---

खांदेकरी

४०० पौंड म्हणजे १२ खांद्यांवर माणशी ३३ पौंड, हा हिशेब फक्त कागदावर असतो. दांडा खांद्यावर टेकतो तेव्हा उंच माणसावर दुप्पट पडतं आणि बुटक्याच्या खांद्याला तो नुसता लागतो. म्हणून माणसं डोक्याच्या उंचीवर निवडू नका. भिंतीला चिकटपट्टी लावून प्रत्येकाच्या खांद्याची उंची मोजा, बूट घालून, मिरवणुकीत घालणार तेच बूट. एका तुकडीत दोन इंचांपेक्षा जास्त फरक नको. उरलेला फरक खांद्यावरच्या गादीच्या जाडीनं भरून काढा. १२ जणांच्या तीन तुकड्या करा; दर दोन-अडीचशे यार्डांवर थांबा आणि तुकडी बदला.

थांबण्यासाठी चार घोड्या लागतात, मूर्ती टेकवायच्या. त्या मूर्तीच्या पुढे चालणाऱ्या दोघांकडे असाव्यात, मागे नव्हे. हे इतकं साधं आहे की विसरलं जातं, आणि मग ४०० पौंड खांद्यावर घेऊन लोक घोड्यांची वाट बघत उभे राहतात. घोडीची उंची खांद्यापेक्षा दोन इंच कमी ठेवली तर गुडघे किंचित वाकवून मूर्ती बसवता येते. जास्त कमी ठेवली तर उतरवताना एक कोपरा आधी टेकतो आणि मूर्ती डुलते.

प्लास्टरच्या मूर्तीची भीती नेमकी तिथेच. तडा घोट्यापाशी किंवा मानेपाशी जातो, मोठ्या पडण्यानं नाही तर अशा छोट्या हिसक्यानं. मूर्तीच्या बैठकीतून चौथऱ्यात आरपार बोल्ट असावेत, नटाखाली रबराची चकती असावी, आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री ते पुन्हा कसावेत. फुलं लावण्याआधी. फुलं लागली की पाना आत जात नाही. फुलं खोचायचा फोम भिजवलेला असतो, त्याचंच वजन ५०-६० पौंड होतं, आणि बहुतेक वेळा तो समोरच्या बाजूला लावला जातो. मग पुढचे चार खांदे दबतात. मागेही तेवढाच लावा.

इथल्या रस्त्यांना पाणी वाहून जायला मधोमध उंचवटा असतो. कडेनं चाललात तर मूर्ती फुटपाथाकडे झुकते आणि त्या बाजूच्या खांद्यांवर सगळा भार येतो. रस्त्याच्या मध्यरेषेवरून चाला. पोलिसांशी हे आधी बोला, कारण ते एक बाजू वाहतुकीला सोडायला सांगतात. चढावर तुकडीतली उंच माणसं मागे, उतारावर पुढे. वळणावर आतल्या बाजूच्यांनी जागच्या जागी पावलं टाकायची, बाहेरच्यांनी चालायचं.

मार्गाची चाचणी आधी करा. खांद्यावर मूर्ती घेतली की मुकुटाचं टोक किती उंच जातं ते मोजा. खांदा ४ फूट १० इंच, चौथरा ८ इंच, मूर्ती ५ फूट, मुकुट अर्धा फूट: ११ फूट झाले. तेवढ्या उंचीची काठी घेऊन सगळा मार्ग चालून या. मोठ्या तारा उंच असतात. त्रास देतात त्या रस्त्यावरून घराकडे जाणाऱ्या केबलच्या लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या.

बँड मूर्तीच्या लगेच मागे ठेवा. पुढे ठेवला तर तो पुढेच निघून जातो. पावलं ढोलावर पडली की दांडे हेलकावे खात नाहीत. आज्ञा एकाच माणसाच्या तोंडून यायला हवी. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये १९०३ पासून जिल्यो उचलतात, काही टनांचा मनोरा, शंभराहून जास्त खांदे आणि वर बसलेला बँडही. तिथे कापोच्या (उचलणाऱ्यांच्या म्होरक्याच्या) इशाऱ्याशिवाय कुणी गुडघाही वाकवत नाही. तुमची मूर्ती लहान आहे, पण 'उचला' दोघांनी म्हटलं तर तीही तिरपी होईल.

मिरवणुकीत भाविक मातेला नोटा अर्पण करतात, त्या लावायच्या फितींबद्दल. नोट मातेच्या वस्त्राला टाचू देऊ नका. जुनं रेशीम एका मिरवणुकीत चाळण होतं. चौथऱ्याला दोन रुंद फिती बांधा, त्या पुढे दोघांनी धरा, आणि नोटा फितीला टाचा. टाचण्यांऐवजी लहान सेफ्टी पिना. साध्या टाचण्या फुलांत आणि खांदेकऱ्यांच्या मानेत जातात. काही बिशप आणि फादर नोटा टाचण्याला राजी नसतात, मूर्तीसोबत झाकणाची पेटी फिरवायला सांगतात. जे काही ठरेल ते मंडळाच्या जुन्या सभासदांना स्वतः भेटून सांगा, पत्रक लावून नको. या मूर्ती अनेक ठिकाणी पॅरिशच्या आधी गाववाल्यांच्या मंडळांनी आणल्या. न्यू जर्सीतच हॅमंटनला कार्मेल मातेचा सण १८७५ पासून चालतो. तेव्हापासूनच्या घरांना ती फीत म्हणजे पैशाची सोय वाटत नाही. तिथे नवस फेडलेला असतो.

---

खतावणी

चौथा प्रश्न. माझं मत: खाण्यासाठी कूपनं, आणि रोख-कार्ड फक्त कूपन खिडकीवर. कारण चोरी नाही, हात आहेत. पैसे घेणाऱ्या हातानं झेप्पोले देता येत नाहीत. प्रत्येक स्टॉलवर एक माणूस केवळ पैशासाठी अडकतो. कूपनं असली की पैसा दोन खिडक्यांवर येतो आणि मोजायला दोनच गल्ले राहतात.

कूपन एक डॉलरचं ठेवा आणि सगळे भाव पूर्ण डॉलरात. पाच डॉलरचं कूपन ठेवलं की मोड कशी द्यायची हा वाद सुरू होतो. अनुक्रमांक छापलेली रिळं घ्या, दर दिवशी वेगळा रंग. खिडकी उघडताना पहिला क्रमांक लिहा, बंद करताना शेवटचा. वजाबाकी म्हणजे किती रक्कम यायला हवी ते. १० डॉलरपर्यंतचा फरक घाईचा असतो. १०० चा असेल तर एखादं रीळ नोंद न करता उघडलेलं असतं, आधी तेच शोधा.

खिडकीमागे सुरुवातीला ३०० डॉलर सुट्टे: एकच्या १०० नोटा, पाचच्या २०, दहाच्या १०. बँकेला आठवडाभर आधी सांगा. शुक्रवारी दुपारी जाऊन एकच्या ५०० नोटा मागितल्या तर मिळतीलच असं नाही. २० च्या नोटा दर तासाला सीलबंद पिशवीत काढून न्या. नेणारे दोघे, एकाच घरातले नकोत. मोजणारे दोघे, तेही एकाच घरातले नकोत. मोजणीचा कागद दोन प्रतींत, दोघांच्या सह्या. रक्कम त्याच रात्री बँकेच्या रात्रपेटीत. कुणाच्याही घरी नाही, फादरांच्या निवासातही नाही.

कार्डयंत्राला मोबाइलचं जाळं लागतं आणि मिरवणुकीनंतर दोन ब्लॉकमध्ये हजारो फोन असतात, तेव्हा ते मान टाकतं. खिडकी चर्चच्या भिंतीला लावा आणि चर्चमधून केबल ओढा.

फितीवरचा पैसा वेगळा मोजा, वेगळ्या चलनावर भरा. ते दान आहे, विक्री नाही, आणि दोन्ही एकत्र झाले की वर्षभरानं कुणालाच सांगता येत नाही काय किती होतं. मोजण्याआधी सगळ्या नोटांवरून चुंबक फिरवा. एक पिन नोट मोजण्याच्या यंत्रात गेली की यंत्र तिथेच अडकतं. हा पैसा मंडळाचा की पॅरिशचा, हे सणाआधी लेखी ठरवा.

लॉटरीचं तिकीट म्हणजे दान नव्हे, करात वजावट मिळत नाही. तिकिटावर 'देणगी' छापू नका. खाद्यविक्रीच्या उत्पन्नावर आयकराचा प्रश्न निघतो तेव्हा काम जवळजवळ सगळं बिनपगारी स्वयंसेवकांनी केलं आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून स्वयंसेवकांच्या पाळ्यांचा तक्ता फाडून टाकू नका, हिशेबाच्या फायलीत ठेवा. विक्रीकराचं खजिनदाराला वेगळं विचारा.

विम्याच्या प्रमाणपत्रावर पॅरिशचं रोजच्या वापरातलं नाव चालत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक पॅरिश स्वतंत्र महामंडळ असतं: बिशप, त्यांचे व्हिकर जनरल (कारभारातले मुख्य सहायक), पॅरिशचे फादर आणि दोन विश्वस्त. त्या महामंडळाचं कायदेशीर नाव प्रत्येक विक्रेत्याच्या, बँडच्या आणि फ्रायरवाल्याच्या कागदावर जसंच्या तसं हवं. एक शब्द चुकला तर डायोसिसचं (बिशपांच्या प्रांताचं) कार्यालय कागद परत पाठवतं, आणि त्यात दहा दिवस जातात.

---

नवीन_समिती

सगळ्यांचे मनापासून आभार. तंबू एका बाजूला घेतो, उरलेले पार्किंगमध्ये. खांद्यांच्या मापासाठी पुढच्या रविवारी हॉल मागितला आहे. झारा, दोन गोष्टी राहिल्या. मिक्सर ३० क्वार्टचा आहे, चालेल ना? आणि पीठ बेकरीतून तयार आणलं तर?

---

झारा

३० क्वार्टमध्ये एक चौथाई नीट बसते, दोन नाही. पहिल्या गतीवरच चालवा. ७५ टक्के पाण्याचं पीठ सैल असतं, ते मिक्सरच्या हुकावर चढत नाही म्हणून लोक गती वाढवतात आणि पीठ तापतं. चार मिनिटं पुरे.

बेकरीचं पिझ्झाचं पीठ चालतं. अनेक फेस्तांत तेच वापरतात. पण त्यात पाणी कमी असतं, त्यामुळे झेप्पोला जाळीदार होण्याऐवजी पावासारखा होतो, आणि थंड पीठ आतून शिजायला वेळ घेतं. फ्रीजमधून काढल्यावर ६० अंशांच्या वर येईपर्यंत तळू नका. गोळे तोडण्याऐवजी ताणून चपटे सोडा, मध्ये बोटानं भोक पाडा, म्हणजे आत कच्चं राहत नाही. दोन्ही करायचं असेल तर शुक्रवारी बेकरीचं घ्या, गर्दी कमी असते, माणसांचा हात बसतो. शनिवारपासून स्वतःचं भिजवा. आणि शुक्रवारी दुपारी चारला, ग्राहक येण्याआधी, दोन घाणे काढून फोडून बघा. मधोमध ओला पट्टा दिसला तर तेल दहा अंश उतरवा आणि अर्धा मिनिट जास्त ठेवा.